हलक्या गाडीचे ब्रेक पॅड: रस्त्यासाठीही आणि ट्रॅकसाठीही

ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. त्याचं बुकिंग झालं की पहिली चर्चा टायरची. मग एअर फिल्टर, एक्झॉस्ट, कॅमेरा कुठे लावायचा. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या ब्रेक पॅडची आठवण येते शेवटच्या आठवड्यात, आणि तेव्हा घाईघाईत हिशोब मांडला जातो: ट्रॅकवर जायचंय ना, मग रेसचेच पॅड टाकू. जड आणि ताकदवान गाडीच्या बाबतीत हा हिशोब निदान अर्धा तरी बरोबर येतो. नऊशे किलोच्या गाडीच्या बाबतीत तो बहुधा पार चुकतो, कारण ते पॅड ज्या तापमानासाठी बनलेले असतात तिथपर्यंत ही गाडी त्यांना नेतच नाही.

उदाहरणासाठी २०१८ मध्ये आलेली पेट्रोल स्विफ्ट घेऊ. वजन ८५५ ते ८८० किलो, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी अशा गाड्या घेऊन कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर जातात. ट्रेलरवर गाडी नेणारे थोडे. बाकीचे राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून चालवतच जातात, दिवसभर ट्रॅकवर पळवतात आणि तीच गाडी चालवत परत येतात. म्हणजे त्याच पॅडनी पहाटे खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गारठलेले असताना गाडी थांबवायची, दुपारी ट्रॅकवर लॅपमागून लॅप तापून थांबवायची, आणि परतीला नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर, मागेपुढे ट्रक असताना, पुन्हा थांबवायची. निवड या तिन्ही ठिकाणांसाठी करायची आहे.

पहिली पायरी: उष्णतेचा हिशोब

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो, एवढंच त्याचं काम. गाडी, ड्रायव्हर आणि थोडं पेट्रोल मिळून १००० किलो धरा. १२० च्या वेगावरून ६० वर यायचंय. शाळेतलंच सूत्र लावलं तर सुमारे ४१७ किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातला पाऊण हिस्सा पुढच्या चाकांवर जातो, म्हणजे एका डिस्कवर साधारण १५५ किलोज्यूल. डिस्क पाच किलोची धरली तर अशा एका ब्रेकिंगमध्ये ती ६५-७० अंशांनी तापते. मधल्या सरळ पट्ट्यावर वाऱ्याने थोडी निवते, पण पूर्ण निवायच्या आत पुढचं वळण येतं. असं साठत साठत तापमान चढतं आणि कुठेतरी स्थिरावतं. जोरात चालवल्यास साडेतीनशे ते पाचशे अंशांचा पट्टा डोक्यात ठेवून खरेदीला लागा.

१९०० किलोच्या एसयूव्हीला याच ब्रेकिंगमध्ये जवळपास ८०० किलोज्यूल जिरवावे लागतात. तिच्या डिस्क मोठ्या असतात हे खरं, तरी इंटरनेटवर 'हे पॅड जबरदस्त' म्हणणारा माणूस कुठली गाडी चालवतो हे आधी बघा. ब्रिटनमधल्या केटरहॅम या छोट्या स्पोर्ट्स गाड्यावाल्यांचं बघण्यासारखं आहे. त्यांच्या गाड्या स्विफ्टपेक्षाही कितीतरी हलक्या, आणि त्यांच्यात वर्षानुवर्षं नावाजलेला पॅड म्हणजे मिंटेक्सचा ११४४. तो गारठ्यातही पकडतो आणि फार मोठ्या तापमानाचा दावा करत नाही. हलक्या गाडीवाल्यांना अनुभवाने हेच पटतं.

दुसरी पायरी: पॅडच्या आधी बाकीचं सगळं

खरं तर लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, पण नवे पॅड विकत घेण्यात जी मजा आहे ती ब्रेक ऑइल बदलण्यात नाही, म्हणून तो नेहमी राहून जातो.

पहिल्या ट्रॅक डेला 'ब्रेक गेले' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचे पॅड ठणठणीत असतात. उकळलेलं असतं ते ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइलच्या प्रती 'डॉट' आकड्यांनी ओळखतात. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश आणि पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या गाडीचं ऑइल ट्रॅकवर नेऊ नये, रंग कितीही स्वच्छ दिसो. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट खाली जातं.

ट्रॅकला जायच्या आधी ताजं डॉट ४ किंवा ५.१ भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढून घ्या. दिवसभर जोरात चालवायचं असेल तर मोटुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंग ऑइल घ्या, त्याचा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. मात्र अशी ऑइल नंतर लवकर बदलावी लागतात. एक नाव नीट लक्षात ठेवा: नुसतं 'डॉट ५' हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ५.१ वेगळं, ५ वेगळं.

मग डिस्क. तिच्या मधल्या भागावर किंवा कडेला किमान जाडी कोरलेली असते. मेकॅनिककडून व्हर्नियरने मोजून घ्या आणि आकडा स्वतः वाचा. कडेला बोटाला लागेल अशी धार आली असेल, किंवा पृष्ठभागावर नखाला अडकतील अशा खाचा असतील, तर नव्या पॅडबरोबर नवी डिस्क घ्या. लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून देतो असं कुणी म्हणालं तर फेसिंगनंतरची जाडी विचारा. पातळ डिस्क उष्णता कमी धरते, म्हणजे तीच गाडी त्याच वळणावर जास्त तापणार.

कॅलिपर म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंचे पॅड धरून दाबणारा भाग. तो ज्यांवर सरकतो त्या पिन हाताने ढकलून बघा, सहज सरकल्या पाहिजेत. एक पिन जाम असेल तर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवाच्या नवा राहतो, आणि दोष पॅडच्या कंपनीला लागतो.

तिसरी पायरी: पॅड कुठल्या जातीचा

ढोबळ तीन घरं करता येतील.

कंपनीचे, म्हणजे शोरूममधून येणारे पॅड. गार असतानाच उत्तम पकडतात, आवाज करत नाहीत, डिस्क जपतात. साधारण तीनशे-साडेतीनशे अंशांनंतर दम सोडायला लागतात. पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणाऱ्याने हेच पॅड, ताजं ऑइल आणि चार-पाच लॅपनंतर एक सावकाश लॅप, एवढ्यावर भागवलं तरी दिवस छान जातो. मी तर पहिल्या खेपेला हेच सुचवेन.

मधलं घर रस्ता-ट्रॅक दोन्हींच्या पॅडचं. फेरोडोचा डीएस२५००, ईबीसीचे यलोस्टफ आणि ब्लूस्टफ, हॉकचा एचपी प्लस ही ओळखीची नावं. थंडीत पहिला-दुसरा ब्रेक थोडा लाकडासारखा वाटतो, पण थांबवतो. पाचशे अंशांच्या आसपास टिकतो. काळी भुकटी जास्त पडते, सिग्नलला थांबताना कधी कधी किंचाळतो. स्विफ्टच्या वजनाची गाडी नेमाने ट्रॅकवर जाणार असेल तर तिची जागा याच घरात.

तिसरं घर शुद्ध रेसच्या पॅडचं. सातशे अंशांच्या गोष्टी करणारे हे पॅड भाकरीच्या तव्यासारखे असतात, तापल्याशिवाय काही उपयोग नाही. गार असताना पकड कमी आणि डिस्क खरवडण्याचं काम जास्त. पावसात टोलनाक्याच्या रांगेत शिरताना पेडल दाबल्यावर एक क्षण काहीच होत नाही, तो क्षण परवडणारा नाही. ट्रॅकवर पोचून पॅड बदलायची आणि निघताना परत रस्त्याचे लावायची तयारी असेल तरच यांचा विचार करावा.

फेरोडो हे नाव आपल्याकडे नवं नाही. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, पुढे ती कंपनी हिंदुस्थान कंपोझिट्स झाली. त्या काळी ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. म्हणून जुन्या गाडीचा ड्रम उघडताना एअर गनने भुकटी उडवायची नाही. नवीन गाडीचीही उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसायची.

पॅडचा मसाला, म्हणजे त्याचा घासणारा थर, आणि डिस्कचा धातू एकमेकांना मानवला पाहिजे. याचं टोकाचं उदाहरण लोटस एलिसचं. १९९६ मध्ये आलेल्या सुमारे सव्वासातशे किलोच्या त्या गाडीला सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या खास मिश्रणाच्या डिस्क होत्या. बिडाच्या डिस्कसाठीचे नेहमीचे पॅड त्यांना लावले तर डिस्कच खराब व्हायची. आपल्या गाड्यांना बिडाच्याच डिस्क असतात, त्यामुळे एवढी भानगड नाही. पण एका पॅडचा थर डिस्कवर बसलेला असताना त्यावर वेगळ्याच जातीचा पॅड लावू नका. डिस्क घासून स्वच्छ करा, किंवा शक्य असेल तर नवीच घ्या.

चौथी पायरी: मागच्या ड्रमचा विचार

हे फारसं कुणी सांगत नाही. तुम्ही पॅड बदलता ते फक्त पुढचे. मागे ड्रम आणि त्याला आतून दाबणारे शू तसेच. पुढे खूप चावणारा पॅड घातला की ब्रेकचा तोल आणखी पुढे झुकतो. पुढचे टायर लवकर हद्दीला पोचतात, चाक जाम होऊ न देणारं एबीएस थडथडायला लागतं, आणि मागच्या चाकांना जे काम करता आलं असतं ते ती करत नाहीत. थांबायचं अंतर एका इंचानेही कमी होत नाही, उलट वाढू शकतं.

एका जोरदार ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायर ठरवतात. एबीएस चालू होतंय म्हणजे गार असलेला कंपनीचा पॅडसुद्धा टायरपेक्षा ताकदवान आहे. चांगल्या पॅडचे पैसे आपण मोजतो ते दहाव्या लॅपलाही पहिल्या लॅपसारखा ब्रेक लागावा म्हणून. त्यामुळे घर्षणाचा सर्वांत मोठा आकडा शोधण्यापेक्षा जो आकडा गारपासून गरमपर्यंत फारसा हलत नाही तो शोधा.

ड्रम उघडलाच आहे तर भुकटी साफ करा, शू किती उरलेत बघा आणि शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा ॲडजस्टर फिरतो का ते तपासा. ड्रम तापून फुगला की पेडलचा प्रवास थोडा वाढतो. ॲडजस्टमेंट ढिली असेल तर तो आणखी वाढतो आणि माणूस उगाच ऑइलवर संशय घेतो.

पाचवी पायरी: दुकानात

दुकानदार म्हणणार, "साहेब, हा घ्या, रेसिंगचा आहे." खोक्यावर आगीचं चित्र असेल, तापमानाचा आकडा नसेल. तेव्हा खोकं बाजूला ठेवून पॅड हातात घ्या आणि त्याची कड किंवा पाठ बघा. बऱ्याच पॅडवर कोड छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ लिहिलेला पॅड म्हणजे गार-गरम दोन्हीकडे साधारण सारखा. एफई असेल तर तापल्यावर तो ढिला पडतो. अर्थात ही चाचणी रस्त्याच्या तापमानापुरतीच असते, ट्रॅकवर काय होईल हे त्यातून कळत नाही. नापास करायला हा कोड चांगला, निवडायला अपुरा.

युरोपातून आलेल्या पॅडवर आर-९० ची खूण असेल तर त्याची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर तपासलेली असते. रस्त्यावर चालवायची गाडी असल्यामुळे मला ही खूण आगीच्या चित्रापेक्षा मोलाची वाटते.

पॅडचा आकार तुमच्या कॅलिपरशी जुळतो का, हे 'स्विफ्टचा आहे' एवढ्यावर ठरवू नका. पिढीनुसार पॅड बदलतात. जुना पॅड काढून सोबत न्या आणि पाठीला पाठ लावून बघा. नकली मालाचा सुळसुळाट आहेच, म्हणून छापील बिल आणि सीलबंद खोकं मागा. पाठीच्या पत्र्यापासून मसाला कुठेही सुटलेला दिसला, अगदी केसाएवढी फट दिसली, तरी तो पॅड परत करा.

आणखी एक, जाता जाता. आपल्याकडच्या नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर काही ठोकलं तर खर्च आपल्या खिशातून जातो.

सहावी पायरी: बसवणं

ब्रेकचं काम कधी केलेलं नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभे राहा. बघायच्या गोष्टी थोड्याच. कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळता ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे दाबताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतून ऑइल उतू जातं आणि बॉनेटखालचा रंग खातं, म्हणून आधी थोडं काढून घ्यायचं. पिनना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, साधं ग्रीस वितळतं आणि रबर फुगवतं. डिस्कला किंवा पॅडला ग्रीसचा हात लागता कामा नये. चाकं लावून झाली की गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत मारायचं, कारण पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिलं पेडल रिकामंच जातं.

सातवी पायरी: बेडिंग

नवा पॅड आणि डिस्क यांची ओळख करून द्यावी लागते. पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की दोघं नीट काम करतात. तो थर डागाडागाने बसला की स्टिअरिंग थरथरतं, आणि मेकॅनिक 'डिस्क वाकली' म्हणून मोकळा होतो. डिस्क खरोखर वाकणं त्या मानाने दुर्मीळ असतं.

पॅडबरोबर कागद आला असेल तर त्यावरची पद्धत वापरा. नसेल तर रिकामा, सरळ रस्ता गाठा, मागे कुणीही नको. ८० वरून २० पर्यंत मध्यम जोरात ब्रेक दाबत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा ८० ला जायचं. असं आठ-दहा वेळा. मग वेग १०० वर नेऊन जरा जोरात चार-पाच वेळा. जळका वास येईल, कधी थोडा धूरही निघेल, घाबरू नका. पण तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि सगळी मेहनत वाया. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न दाबता गाडी चालवत ठेवा. एक्स्प्रेसवे ही यासाठीची जागा नव्हे. जागा मिळत नसेल तर ट्रॅकवरचं पहिलं सेशन बेडिंगसाठी राखून ठेवा. नीट बसलेल्या थराची डिस्क निळसर-करडी आणि एकसारखी दिसते.

आठवी पायरी: ट्रॅकवर

बूटमध्ये जुने पॅड, स्पॅनर आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा असू द्या. घरून निघताना पॅडचा मसाला निदान सहा मिलिमीटर हवा. तो पातळ झाला की उष्णता थेट पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाते, शिवाय घरापर्यंतचे हजारावर किलोमीटर उरलेले असतात.

पहिला लॅप ब्रेक गरम करण्यासाठी, मग चार-पाच जोरातले, मग एक निवण्यासाठी. काय बिघडतंय हे पेडलच सांगतं. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळतंय. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडने दम सोडलाय. दोन्हींत लगेच वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांबायच्या जागेत या. तिथे हँडब्रेक ओढू नका: तापलेला ड्रम निवताना आकसतो आणि शू आत धरून ठेवतो. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा आणि दोन-तीन मिनिटांनी वीतभर पुढे ढकला.

नववी पायरी: परत आल्यावर पॅड वाचणं

पुढचे पॅड कुठले घ्यायचे याचं उत्तर वापरलेल्या पॅडवरच असतं. मसाला करडा, मॅट आणि सगळीकडे सारखा झिजलेला असेल तर निवड बरोबर आहे. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर पॅड भाजून निघालाय, किंवा बेडिंग झालेलंच नाही. कडा पांढरट होऊन बोटाने भुगा पडत असेल तर तो तापमानाच्या पलीकडे गेला होता. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ अशी तिरपी झीज असेल तर कॅलिपर आणि पिन बघा.

अंदाजापेक्षा पक्कं मोजमाप हवं असेल तर डिस्कच्या कडेवर लावायचा तापमानाचा रंग मिळतो. तीन पट्ट्या ओढायच्या: हिरवी ४३० अंशांना रंग बदलते, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. पिटमध्ये इन्फ्रारेड गनने मोजलेला आकडा नेहमी कमी येतो, कारण तोवर डिस्क निवायला लागलेली असते. रंगाची पट्टी मात्र गाठलेलं सर्वोच्च तापमान धरून ठेवते. दिवसभर जोरात चालवूनही हिरवी पट्टी हिरवीच राहिली, तर मधल्या घरातला पॅड तुमच्या गाडीला पुरून उरतो, उरलेले पैसे टायरवर घाला. हिरवी बदलली आणि नारिंगी शाबूत आहे, तर आहे तोच पॅड पुन्हा घ्या. नारिंगीही बदलली, तर एक पायरी वरचा पॅड घ्या किंवा डिस्कपर्यंत वारा पोचेल अशी सोय करा. आणि एवढ्या हलक्या गाडीची लाल पट्टी पांढरी पडली, तेही एकाच बाजूची, तर पॅड राहू द्या आणि त्या चाकाचा कॅलिपर उघडा: पिस्टन किंवा पिन अडकून ब्रेक सुटतच नसणार.